तेलाचं भोक

दादाच्या गाडीचं इंजिन अमरावतीहून एसटीच्या टपावरून, पोत्यात बांधून आलं. सांगाडा त्याच्या आधीच एका ओळखीच्या टेम्पोतून येऊन पडला होता. बाबांनी पोतं उतरवून घेतलं, वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला टेकवलं आणि परत लेथपाशी जाऊन उभे राहिले. पोत्याची सुतळी त्यांनी सोडली नाही. ती पुढं किती वर्षं तशीच राहिली हे मी मोजलेलं नाही. पण तेवढ्या काळात माझा आवाज फुटून मोठ्या माणसाचा झाला, मी आयटीआयला जायला लागलो आणि पोत्याखालच्या जमिनीत तेलाचा काळा डाग मुरून पक्का झाला.

आमचं वर्कशॉप अकोल्यात, जिनिंगच्या कारखान्यांच्या मागच्या गल्लीत होतं आणि घर वर्कशॉपच्या मागं. दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत जिनांची घरघर थांबायची नाही. कापसाची पुंजकी हवेत तरंगत येऊन पिठाच्या परातीत, पाण्याच्या रांजणात आणि बाबांच्या भुवयांत बसायची. पावसाळ्यात जिनं बंद. मग गल्ली इतकी गप्प व्हायची की आमच्या लेथचा पट्टा सांध्यावर येऊन टपटपायचा तो आवाज कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत जायचा. बाबा जिनच्या शाफ्टचे, बुशांचे, स्पिंडलचे कारागीर. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक फिरत्या वस्तूला तेलाचं भोक असे. जिनमध्ये रुई उडते. शाफ्ट कोरडा पडला तर तापतो, तापला तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही. असं पेटलेलं एक जिन बाबांनी तरुणपणी पाहिलं होतं आणि त्याबद्दल ते फार बोलत नसत. गिऱ्हाइकानं सांगो न सांगो, काम संपताना ते बारीक ड्रिल लावायचे आणि भोक पाडायचेच. ‘तेल भेटलं पायजे,’ म्हणायचे. एखाद्या लेकराला दूध भेटलं पायजे म्हणावं तसं.

दादाची गाडी मोटोक्रॉसची होती, परदेशी बनावटीची, टू-स्ट्रोक. कुठल्या तरी कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या गोऱ्या इंजिनिअरनं ती मागं टाकून दिली, ती भंगारात गेली आणि भंगारातून दादानं उचलली. तेव्हाच ती जुनी होती. टाकीवरचं नाव खरवडून गेलेलं, दिवा नाही, हॉर्न नाही, मागचं मडगार्ड शेपटीसारखं वर. गल्लीत तिला उडीची गाडी म्हणत. तिचा एकही पार्ट आपल्याकडं मिळत नव्हता. जे झिजेल ते बाबा करून देत. दादा विदर्भातल्या धुळीच्या ट्रॅकांवर शर्यतींना जाई आणि लाल मातीनं माखून परत येई. बाबा एकदाही शर्यत बघायला गेले नाहीत. तो आला की गाडीभोवती फिरत, कान लावत आणि एवढंच विचारत की काय वाजते. दादा सांगे. दुसऱ्या दिवशी ते वाजणं बंद झालेलं असे. बापलेकांचं प्रेम असं होतं, आणि मी ते बाजूला उभा राहून पाहत असे. माझा भाऊ माझ्याहून बराच मोठा. मला त्याचा हेवा वाटे हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्यात तो हेवा नव्हता अशी खात्री मला आजही देता येत नाही.

इंजिनच्या पोटात क्रँकपिन नावाची बोटाएवढी पोलादी पिन असते. पिस्टनचा दांडा तिच्याभोवती फिरतो, म्हणजे गाडीचा सगळा जोर तिच्यावर. मूळची पिन झिजली तेव्हा बाबांनी जिनच्या जुन्या शाफ्टमधून नवी केली. त्या पिनीवर दादा अमरावतीला शर्यतीत उतरला आणि उडीतून खाली येताना इंजिन जागच्या जागी जाम झालं. मागचं चाक अडकलं. दादा गाडीखाली आला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मामा होता, आणखी चार माणसं होती. बाबा खाटेजवळ गेले नाहीत. दारातूनच म्हणाले, ‘इंजिन पिळलं यानं. माह्या कामात खोट नाही.’ दादानं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आई दादाच्या पायासाठी अमरावतीला राहिली. पाय लवकर जुळेना. मग मामाच्या पीठगिरणीशेजारी दोन खोल्या घेतल्या, दादा गिरणीवर बसायला लागला आणि आईचं परत येणं लांबत गेलं. ती रुसली असं कोणी म्हटलं नाही. अधूनमधून सकाळच्या गाडीनं यायची, मूर्तिजापूरला घेतलेली केळी हातात असायची. आली की आमचं स्वयंपाकघर घासायची, मसाल्याचे डबे भरायची, बाबांच्या शर्टांची बटणं लावायची आणि संध्याकाळी निघायची. निघताना बाबांना म्हणायची, ‘एकदा येऊन जा नं तिकडं.’ बाबा म्हणायचे, ‘त्याले पाय आहेत नं.’ मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात यायचं आणि ते वर्कशॉपमध्ये निघून जायचे.

घरात आम्ही दोघं. बाबा भाकर थापायचे ती पाटासारखी जाड व्हायची. मी वरण करायचो, तिखटावर कच्च्या तेलाची धार घ्यायचो, अंबाडीची भाजी कधी जमायची, कधी आंबट पाणी व्हायची. कढीत बाबा डाळीचे गोळे सोडायचे ते फुटायचे, मग आम्ही ती फुटलेली कढी काही न बोलता प्यायचो. आईनं मागच्या अंगणात सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता, तो आपोआप उगवायचा. मी खुडायचो आणि वरणावर टाकायचो, तेवढ्यापुरतं घर पूर्वीसारखं वास द्यायचं. बोलणं कामापुरतं. किती जाड, किती लांब, कधी पाहिजे. मी शाळेत कोणाशी फारसा बोलत नव्हतो, आयटीआयतही नाही. घरी येऊन ताटं मांडायची, दोन. आजही मी एकटा जेवतो तेव्हा ताटाचा आवाज जपून करतो. कोणासाठी जपतो ते माहीत नाही.

आयटीआय संपत आली त्या पावसाळ्यात जिनं बंद होती आणि हाताला काम नव्हतं. मी बाबांना विचारलं की दादाची गाडी दुरुस्त करू का. त्यांनी लेथ पुसायचं थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, ‘कर. माल पाहून वापर.’ मला वाटलं होतं की गाडी चालू झाली तर दादा येईल आणि दादा आला तर आई येईल. त्या वयात मला घर जोडणं आणि इंजिन जोडणं यांत फार फरक वाटत नव्हता.

मी पोत्याची सुतळी कापली. आत अमरावतीच्या मेकॅनिकनं खोललेलं इंजिन जसंच्या तसं होतं, सुटे भाग चिंध्यांत गुंडाळलेले. एका चिंधीत बाबांनी केलेली पिन होती, दोन तुकडे झालेली. मी ते तुकडे रॉकेलनं धुतले आणि दारातल्या उजेडात धरले. पिन बरोबर तेलाच्या भोकातून तुटली होती. तुटलेल्या तोंडावर भोकापासून निघालेल्या शिंपल्यासारख्या रेघा होत्या, एकीपुढं एक, म्हणजे चीर हळूहळू वाढत गेली होती. हे आम्हाला आयटीआयत तुटलेल्या एका शाफ्टवर दाखवलं होतं. बाबांच्या डब्यात गाडीची मूळची झिजलेली पिन अजून होती. मी ती काढून शेजारी ठेवली. ती गुळगुळीत होती, तिला भोक नव्हतंच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं असतं, ते सगळीकडं पोचतं. पिनीला वेगळं तेल पाजायची गरज नसते. आणि जिनचा शाफ्ट सावकाश फिरतो, ही पिन त्याच्या कितीतरी पट झोडपली जाते; भोक म्हणजे तिच्या अंगातली कच्ची जागा. बाबांनी तिला भोक पाडलं ते सवयीनं, काळजीनं, मुलाच्या इंजिनाला तेल भेटावं म्हणून. तिथूनच ती गेली.

मी दोन्ही तुकडे परत चिंधीत बांधले आणि बाहेर जाऊन नाल्यात टाकले. बाबांनी ते कधी पाहिले होते का? पोतं त्यांनी इतकी वर्षं का उघडलं नाही? हल्ली मला वाटतं की त्यांना अर्धवट भीती होती. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की हे त्यांना कळता कामा नये.

पुढचे दिवस हे माझ्या तरुणपणातले सर्वांत भरलेले दिवस, म्हणजे हातांच्या कामानं भरलेले. मागच्या फोर्कचे बुश मी एका फुटक्या पंपाच्या गनमेटलमधून काढले. मागचं दातेरी चक्र जिनच्या जाड पत्र्यातून कापलं आणि त्याचे दात कानशीनं घासून जमवले, खांदा भरून यायचा. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या नळीतून काढल्या. त्यांतल्या बऱ्याच हातातच मोडल्या. सांगाडा एका ठिकाणी तडकला होता तो शेजारच्या सलीमभाईंनी वेल्डिंग करून दिला. त्यांना बोलल्याशिवाय काम होत नसे. ‘तुझा भाऊ उडवायचा ही, तू बसून घासून राहिला,’ म्हणायचे, ‘एका घरात एकाले आभाळ भेटते, दुसऱ्याले कानस.’ मी हसायचो. मला कोणी चिडवलं याचंही बरं वाटायचं. बाबा कधीकधी मागं येऊन उभे राहायचे. काही सांगायचे नाहीत. एकदा मी बुश दाबून बसवत होतो तेव्हा त्यांनी माझ्या हातातली हातोडी काढून घेतली आणि लाकडाची दिली. तेवढंच.

शेवटी पिन राहिली. मी ती चांगल्या पोलादातून काढली, मूळच्यासारखी, भोकाशिवाय. पिन पाणी देऊन कडक करावी लागते आणि आमच्याकडं ते काम फक्त बाबा करायचे. हाडांचा कोळसा भरलेल्या मडक्यात वस्तू पुरायची, मडकं मातीनं लिंपायचं आणि भट्टीत तापवायचं, ही त्यांची विद्या होती. मी पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती नखानं फिरवून बघितली, चेहऱ्यावर समाधान आलं आणि मग त्यांनी विचारलं, ‘होल?’

मला खरं सांगता आलं असतं. ती वेळ होती. दुपार होती, गल्लीत कोणी नव्हतं, ऐकायला आम्ही दोघंच. मी सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं, पण ते लागणं आमच्या दोघांत राहिलं असतं. मी म्हणालो, ‘राहूनच गेलं.’ आणि मला वाटलं मी फार शहाणपणानं निभावून नेलं. पिन तशीच भट्टीत जाईल, तशीच बसेल, बाबांना कधी कळणार नाही. विसराळू मुलगा म्हणून मी एक शेरा खाईन. बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, ‘आयटीआयवाल्यायनं हेच शिकवलं का तुले?’

दुसऱ्या दिवशी मला मूर्तिजापूरच्या एका जिनला स्पिंडल पोचवायला जावं लागलं. तिथं बसवून देईपर्यंत मुक्काम पडला. परत आलो तर बाबांनी पिन कडक करून, घासून, फ्लायव्हीलच्या दोन्ही जड चाकांमध्ये दाबून क्रँक तयार ठेवला होता. दांड्याचं मोठं डोकं पिनीवर बसलं की पिन दिसत नाही. त्यांनी क्रँक दोन टोकांवर धरून फिरवून दाखवला. वाक मोजायच्या गेजचा काटा हलला नाही, इतका तो सरळ होता. मला आनंद झाला. विचारायचं माझ्या मनात आलं नाही. राहून गेलं म्हटल्यावर बाबा ती चूक दुरुस्त करणारच हे मला, त्यांच्याच हाताखाली वाढलेल्याला, कळायला हवं होतं.

दसऱ्याला मी दादाला बोलावलं. मामाकडच्या फोनवर आईला सांगितलं की गाडी तयार आहे, पूजेला तो आला तर बरं. आई म्हणाली, पाहते. दसऱ्याला आमच्याकडं लेथची, कानशींची, हातोड्यांची पूजा व्हायची. बाबांनी लेथ धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घातली होती, गाडीलाही घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. स्वतः नवा शर्ट घातला. दहाच्या सुमाराला आई आली आणि तिच्यामागं दादा. त्याला इतक्या वर्षांनी चालताना पाहिलं. उजवा पाय तो थोडा बाहेर टाकत असे. त्याच्या केसांत गिरणीचं पीठ होतं, धुऊनही न गेलेलं, आणि माझ्या मनात आलं की बाबांच्या भुवयांतली रुई आणि हे पीठ दिसायला सारखंच आहे.

बाबा आणि दादा समोरासमोर उभे राहिले. कोणी पाया पडलं नाही. आई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि लगेच कढई ठेवल्याचा आवाज आला. दादा गाडीपाशी गेला. त्यानं दातेरी चक्रावरून बोट फिरवलं, एकेक दात पाहिला. मला म्हणाला, ‘हे तू केलं?’ मी हो म्हटलं. ‘हातानं?’ मी परत हो म्हटलं. ‘येडा आहेस पक्या तू,’ तो म्हणाला, आणि हसला. मग त्यानं गाडी स्टँडवरून काढली, चांगला पाय टेकवून तिच्यावर बसला आणि क्लच दाबून पाहिला. गल्लीच्या टोकाला जिनचं मोकळं मैदान होतं. तिथं एक चक्कर मारतो, म्हणाला. कोणाला म्हणाला ते स्पष्ट नव्हतं.

बाबा पुढं झाले. त्यांच्या हातात हळदकुंकवाचं ताट होतं. त्यांनी टाकीवर बोट ओढलं आणि मोठ्या मुलाकडं न पाहता, टाकीकडं पाहत म्हणाले, ‘या खेपेले घोर नोको करू. याच्या हातून होल राहून गेलं होतं. म्या मारून देल्लं. तेल बरोबर भेटते तिले.’

इतक्या वर्षांनी बापानं मुलाशी काढलेले ते पहिले शब्द होते.

दादानं किकवर पाय ठेवला होता. मला फक्त तो पाय दिसत होता, तोच, उजवा. मी म्हणालो, ‘दादा, उतर खाली.’ त्यानं विचारलं काहून. मी म्हणालो, पिन तुटते. बाबा म्हणाले काहून तुटंल, चांगल्या पोलादाची आहे. मला दुसरं काही सुचलं नाही. आज बसून लिहिताना दहा गोष्टी सुचतात. पेट्रोल नाही म्हणता आलं असतं, क्लच नीट नाही म्हणता आलं असतं, जेवण झाल्यावर पाहू म्हणता आलं असतं. मी म्हणालो, ‘मांगच्या वेळी होलातूनच तुटली होती. म्या पाह्यली. तिले होल पायजेच नव्हतं.’

बाबांच्या हातातलं ताट हललं नाही. त्यातली वात तशीच जळत राहिली. दादा गाडीवरून उतरला, गाडी स्टँडला लावली आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मला रागानं पाहिलेलं चाललं असतं.

‘मले मालूम आहे,’ तो म्हणाला. ‘तुले कोनं इचारलं होतं?’

मग बाबांनी त्याला विचारलं, कवापासून मालूम आहे. दादा म्हणाला दवाखान्यातच, मेकॅनिकनं तुकडे आणून दाखवले होते. तुकडे फेकून दे म्हटलं होतं त्याला, त्यानं पोत्यात घातले असतील. बाबा म्हणाले, ‘मंग बोलला काहून नाही?’

‘काय बोलू? माहा पाय तं गेलाच होता. तुमचा हात काहून घालवू?’

पुढं तो मला म्हणाला, आणि हे तो सांगत होता तेव्हा आवाज चढलेला नव्हता, की मैदानात हळू एक चक्कर मारून आलो असतो, पहिल्या गिअरमध्ये. त्यानं काही तुटत नसते. बाबांनी पाहिलं असतं. नंतर आपण दोघांनी इंजिन खोललं असतं.

खरंच, एवढं सोपं होतं. त्याला सगळं माहीत होतं आणि ते सांभाळून वागायचं कसं हेही त्यानं ठरवलं होतं. मला ते माहीत नव्हतं. तो धोक्यात आहे असं समजून मी बोललो, हे खरं. पण एवढ्या लवकर, एवढं स्पष्ट, त्याच्याआधी बोललो त्यात मीही काही शोधून काढलं आहे हे दाखवायची घाई होती का? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर प्रत्येक वेळी माझ्या बाजूनं येत नाही.

बाबांनी ताट लेथवर ठेवलं. ते दादासमोर खाली बसले, त्याची विजार गुडघ्यापर्यंत सारली आणि नडगीवरून अंगठा फिरवला. जुळलेल्या हाडाला उंचवटा होता. शाफ्टचा वाक शोधताना फिरवत तसाच, वरून खाली, परत वर. दादा वाकून त्यांना उठवत होता, ते उठत नव्हते. आई दारात आली, हातात झारा तसाच. तिनं ऐकलं होतं. ती त्या दोघांपाशी गेली. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो आणि मध्ये गाडी होती.

जेवणं झाली. पुरणपोळी होती, कढी होती, वडे होते आणि कढीतला एकही गोळा फुटलेला नव्हता. बाबा आणि दादा शेजारी बसले. दादा गिरणीच्या जात्याचं सांगत होता, कुठं गरम होते, बाबा विचारत होते काय वाजते. मला आईनं वाढलं. वाढताना हळूच म्हणाली, ‘सांगाचंच होतं तं मले आधी सांगतं.’ एवढंच. त्यात तिचा राग नव्हता, पण ते शब्द तिनं पुढंही कधी परत घेतले नाहीत आणि मीही तिला विचारलं नाही. संध्याकाळी ते निघाले तेव्हा बाबाही पिशवी घेऊन निघाले. दोनचार दिवस जाऊन येतो म्हणाले. जिनचं काम सुरू होणार होतं, वर्कशॉप बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मी थांबायचं हे कोणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं. बसमध्ये बाबांना खिडकी मिळाली. त्यांनी तिथं दादाला बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसले. दादानं मला हात केला. आईनं आपट्याची पानं माझ्या हातात दिली ती मी घरी येईपर्यंत मुठीत धरली होती.

ज्यासाठी मी पोतं उघडलं ते झालं. बापलेक बोलायला लागले, घर जुळलं. फक्त ते अमरावतीला जुळलं. बाबा दिवाळीनंतर आले, हंगामभर काम केलं, परत गेले. पुढं पुढं तिकडंच जास्त राहू लागले. दादानं लग्न केलं, नातवंडं झाली. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही. सणाला गेलो की ताट वाढलेलं असे. पण मी खोलीत आलो की त्यांचं बोलणं थोडं बदलायचं, जणू मी अजून काही काढीन की काय. कदाचित हे माझ्याच मनाचं असेल. दादाचा मुलगा हल्ली फोन करतो, काका ती विंटेज गाडी मला द्या, म्हणतो, पुण्यात तिला मान आहे. मी देईन. त्याला हे सगळं माहीत नाही.

एक मात्र मनातलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या दसऱ्यानंतर बाबा जेव्हा जेव्हा लेथवर उभे राहिले तेव्हा प्रत्येक शाफ्ट, प्रत्येक बुश संपताना ते ड्रिल हातात घेऊन थांबायचे आणि मला विचारायचे, ‘याले होल पायजे का रे?’ जिनचाच शाफ्ट असायचा. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो केलेले. मी म्हणायचो, ‘पायजे बाबा.’ मग ते पाडायचे. शेवटच्या वर्षापर्यंत विचारलं. विचारू नका असं मी कधीच म्हणू शकलो नाही, कारण तसं म्हणणंही पुन्हा तेच बोलणं झालं असतं.

त्या दसऱ्याला ते तिघं अमरावतीला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी इंजिन खोललं. पिन दाबून बाहेर काढली. भोक फार सुरेख पाडलेलं होतं, कड मोडलेली, आतून पुसलेलं. मी तिसरी पिन काढली आणि पहिल्यांदाच स्वतः भट्टी लावली, हाडांचा कोळसा भरून मडकं स्वतः लिंपलं. पिन कडक झाली. एका दुपारी गाडी स्टँडवर चढवून मी किक मारली आणि ती लागली. तिचा तो उंच, फाटका आवाज गल्लीभर गेला. सलीमभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून आले, कान लावून ऐकत राहिले.

‘आवाज बढिया आहे,’ ते म्हणाले. ‘जा, मार मैदानात एक चक्कर.’

मी म्हणालो, मला मोटरसायकल चालवता येत नाही. त्यांना ती थट्टा वाटली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना काम होतं, गेले. मागचं चाक हवेत फिरत होतं. मी अॅक्सिलरेटरची मूठ धरून उभा होतो. इंजिनमध्ये कुठं काही वाजत नव्हतं. पेट्रोल संपेपर्यंत मी ते चालू दिलं.